अंधारातील पंगत

आंधळी कोशिंबीर खेळला नाही असा मुलगा महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. ज्याच्यावर राज्य असेल त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, त्याला जागच्या जागी दोन-तीन गिरक्या द्यायच्या आणि मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवीत त्याच्याभोवती नाचायचे, असा हा खेळ. रुमाल डोळ्यांवर असेपर्यंत तो गडी सर्वांच्या हसण्याचा विषय होतो. रुमाल सुटला की त्याच्यावरचे राज्यही संपते. या खेळाला एका खाद्यपदार्थाचे नाव कोणी आणि का दिले असावे, याचे लहानपणी मला मोठे नवल वाटे. पुढे कळले की, जर्मन भाषा बोलणारी मुलेही हाच खेळ खेळतात आणि त्याला ‘ब्लिंडेकू’, म्हणजे ‘आंधळी गाय’, असे म्हणतात. आपण कोशिंबीर आंधळी केली, त्यांनी गाय! परंतु याच खेळाचे नाव धारण करणारे एक भोजनगृह निघाले असून तेथे जेवायला बसणाऱ्या प्रत्येकावर राज्य येते, ही गोष्ट मात्र वयाची साठी जवळ आल्यावर मला समजली.

हे भोजनगृह स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात १९९९ सालच्या सप्टेंबर महिन्यात सुरू झाले. संपूर्ण अंधारात जेवण देणारे जगातील हे पहिले कायमचे भोजनगृह मानले जाते. ते ज्या संस्थेने काढले तिच्या संस्थापकांत अंध व्यक्तीच पुढे होत्या. या कल्पनेचे मूळ त्याच्याही आधी जर्मनीत सापडते. आंद्रेआस हाइनेके नावाचे एक गृहस्थ तेथील एका नभोवाणी केंद्रात काम करीत असत. अपघातात दृष्टी गमावलेल्या एका तरुण पत्रकाराला पुन्हा कामाला लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. हा तरुण आता काय करू शकणार, अशी शंका प्रथम त्यांच्या मनात होती. त्याच्या सहवासात ती पार विरघळून गेली. आपल्याला झाले ते इतरांनाही व्हावे, म्हणून त्यांनी १९८८ साली फ्रांकफुर्ट येथे एक अभिनव प्रदर्शन भरविले. प्रदर्शन म्हणजे पाहण्याची जागा. परंतु येथे पाहण्यासारखे काहीच नव्हते. काळोखाने भरलेल्या खोल्यांतून अंध वाटाडे डोळस प्रेक्षकांना हाताशी धरून फिरवीत होते. पुढे अशी प्रदर्शने गावोगाव भरू लागली. झुरिकपाठोपाठ २००४ साली पॅरिसमध्येही ‘दां ल् न्वार’, म्हणजे ‘अंधारात’, या नावाचे भोजनगृह निघाले. आपल्या देशात हैदराबाद येथे २०११ साली असे प्रदर्शन आणि त्याच्या जोडीला अंधारातील भोजनगृह सुरू झाले.

माझी मुलगी नोकरीच्या निमित्ताने झुरिकला राहत होती. २०१८ सालच्या जून महिन्यात मी तिच्याकडे गेलो असताना एके सायंकाळी ती मला या भोजनगृहात घेऊन गेली. सायंकाळ म्हणायची ती केवळ घड्याळावरून. त्या देशात जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा रस्त्यावर लख्ख ऊन पसरले होते. “काय वाढतील ते मला विचारायचे नाही, बाबा. तुम्ही ओळखायचे,” एवढेच ती म्हणाली. मी शाकाहारी आहे, हे तिने आधीच कळविले होते.

बाहेरच्या दालनात दिवे होते. तेथे खणांचे एक कपाट होते. त्यात आम्ही आपापले दूरध्वनी ठेवले. माझ्या मनगटावरील घड्याळाचे काटे अंधारात किंचित चमकत. म्हणून तेही काढून ठेवावे लागले. काजव्याएवढा उजेडसुद्धा आत नेण्यास परवानगी नव्हती. इतक्यात आतून एक बाई आल्या. त्या आमच्या वाढपी होत्या आणि त्या पूर्णपणे अंध होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवून घेतले, मुलीने माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि आमची ती लहानशी आगगाडी जाड पडद्यांच्या वळणावळणाने आत शिरली.

पहिला पडदा मागे पडला तेव्हा अंधुक झाले, दुसरा पडला तेव्हा सारेच नाहीसे झाले. मी अंधार पुष्कळ पाहिला होता. खेड्यात वाढलेल्या माणसाला अमावास्येच्या रात्रीचे काय नवल? परंतु अमावास्येलाही आकाशात चांदण्या असतात, दूर कोठे एखादा कंदील मिणमिणत असतो, आणि काही वेळाने झाडाची आकृती, बांधाची रेषा दिसू लागते. याचे कारण असे की, आपल्या डोळ्याच्या आतील पटलावर दंडाकार पेशी असतात. मंद प्रकाशात पाहण्याचे काम त्या करतात, आणि अंधाराला पुरते सरावण्यास त्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. येथे मात्र त्यांना टिपण्यासाठी प्रकाशाचा कणही नव्हता. अर्धा तास थांबलो काय किंवा रात्रभर थांबलो काय, दिसणार काहीच नव्हते. डोळे उघडे ठेवले आणि मिटले, यात तिळभर फरक पडेना. मी स्वतःचा हात नाकापुढे धरून पाहिला. हात होता, पण तो केवळ माझ्या समजुतीपुरता!

“खुर्चीची पाठ ही. टेबलाची कड येथे. पाण्याचा पेला आपल्या उजव्या हाताला, टेबलाच्या कडेपासून एक वीत अंतरावर,” वाढपी बाई इंग्रजीत सांगत होत्या. प्रत्येक वाक्याबरोबर माझा हात त्या त्या वस्तूकडे नेत होत्या. मग त्यांची पावले झरझर दूर गेली. त्या वेगाने उजेडात चालतानाही मला धाप लागली असती.

आजूबाजूला बरीच माणसे असावीत. ती सर्व प्रमाणाबाहेर मोठ्याने बोलत होती. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की त्याला ऐकू गेले की नाही याची खात्री वाटत नाही, आणि माणूस नकळत आवाज चढवितो. थोड्या वेळाने मला त्या गोंगाटातून निराळे निराळे धागे उलगडता येऊ लागले. डावीकडे एक म्हातारा खोकत होता, मागे कोणी चमचा पाडला, उजवीकडे दोन मुली हसू दाबीत होत्या. शाळेत असताना पाठमोरा राहूनही कोणता विद्यार्थी बोलतो आहे ते मी ओळखीत असे. त्या जुन्या विद्येचा असा उपयोग होईल, असे मला वाटले नव्हते.

पेल्यात पाणी ओतण्याचा प्रसंग आला. किती भरले हे कसे कळावे? बाई म्हणाल्या, “एका बोटाचे टोक पेल्याच्या काठावरून आत सोडा. पाणी बोटाला लागले की थांबा.” मी तसे केले. एक थेंबही सांडला नाही, आणि पहिलीतील मुलाला पाटीवर बरोबर गणित सुटल्यावर जो आनंद होतो तोच मला झाला.

मग ताटली आली. “ताटली म्हणजे घड्याळाची तबकडी समजा,” बाईंनी सांगितले. “बटाटे तीनच्या काट्यावर, शेंगांची भाजी सहावर, आणि नऊवर काय आहे ते आपणच सांगा.” मी काटा उचलला, अंदाजाने टोचला आणि मोठ्या विश्वासाने तोंडाकडे नेला. तोंडात आला तो रिकामा काटा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी एवढा मोठा बटाटा आला की तो सबंध तोंडात मावेना. अखेरीस मी काटा बाजूला ठेवला आणि परदेशी शिष्टाचाराची क्षमा मागून सरळ हाताने जेवू लागलो. पाहणार कोण होते? बोटांना ताटली तत्काळ समजली. ऊन काय, गार काय, मऊ काय, कोरडे काय, हे त्यांनी जिभेच्या आधी सांगितले. समोरून मुलगी म्हणाली, “बाबा, मीसुद्धा हातानेच जेवते आहे.”

नऊच्या काट्यावर जे होते ते मला लाल भोपळा वाटले. मुलीला ते रताळे वाटले. बाईंनी हसून सांगितले की, ते गाजर होते! रोज खाण्यातला पदार्थ, आणि नुसते डोळे नाहीत म्हणून ओळखता येऊ नये? यात आश्चर्य करण्यासारखे फारसे नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी एक खमंग चव, अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचे काम नाक करते, आणि त्या दोघांच्याही आधी डोळे निकाल देऊन मोकळे झालेले असतात. तुम्ही घरी एक प्रयोग करून पाहा. डोळे मिटा, नाक घट्ट धरा, आणि कोणाला तरी सफरचंदाची आणि कच्च्या बटाट्याची एकेक बारीक फोड जिभेवर ठेवायला सांगा. कोणती कशाची हे सांगताना मोठमोठ्यांची फजिती होते.

जेवताना मी बाईंना विचारले, “आपण एवढ्या वेगाने चालता, तरी कोठे आदळत कशा नाही?”

त्या म्हणाल्या, “येथे प्रत्येक टेबल आणि प्रत्येक खुर्ची आपापल्या जागी असते. जागा बदलायची नाही, हा येथला नियम आहे. बाहेर मी पांढरी काठी घेऊन चालते आणि तुमच्यापेक्षा सावकाश चालते. मी तीच आहे. पण बाहेरच्या जगात कोण कोठे खुर्ची सोडून जाईल, याचा नेम नसतो.”

त्यांचे हे बोलणे मला त्या जेवणातील कोणत्याही पदार्थापेक्षा अधिक काळ पुरले. त्या दालनात आम्ही पाहुणे अडखळत होतो आणि त्या धावत होत्या. पडद्याच्या बाहेर नेमके याच्या उलट घडत असे. पडद्याच्या आत आणि बाहेर माणसे तीच होती, त्यांची इंद्रियेही तीच होती. मग बदलले काय? बदलली ती जागेची मांडणी. दिवे, पाट्या, रंग, खुणा यांनी आपण सारे जग डोळस माणसाच्या सोयीने मांडून ठेवले आहे. ज्याच्या सोयीने मांडणी होते तो समर्थ ठरतो, आणि ज्याचा विचार झालेला नसतो तो दुबळा ठरतो.

आणि तेथे बसल्या बसल्या मला आमच्या घरातील एका ताटाची आठवण झाली. माझ्या आजीची दृष्टी काचबिंदूने गेली होती. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे तिची शेवटची दहा-बारा वर्षे अंधारातच गेली. परंतु ताटावर बसल्यावर तिने कधी चाचपडल्याचे मला आठवत नाही. आपल्याकडील ताट वाढण्याची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल. वरच्या बाजूला मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, त्याखाली आमटीची वाटी. आणि समोर मध्यभागी वरणभात. ही रीत कोणी अंधांसाठी घातली नव्हती, पण ती कोणी मोडत नसे, आणि म्हणून आजीला ताट वाचता येत असे. एकदा आई तिला म्हणाली, “सासूबाई, आज डाव्या हाताला काकडीची कोशिंबीर वाढली आहे.” आजी हसून म्हणाली, “अगं, कोशिंबीर तू कधी उजवीकडे वाढली आहेस का?”

आईने स्वयंपाकघराचीही अशीच व्यवस्था लावली होती. मीठ चिनी मातीच्या बरणीत आणि साखर पितळी डब्यात. दोन्ही स्पर्शाने ओळखू यावीत म्हणून. वापरलेली वस्तू पुन्हा त्याच जागी ठेवायची, हा दंडक घरातील लहानथोर सर्वांना होता. आम्हा मुलांना तो कधी कधी जाचक वाटे. परंतु त्या दंडकाच्या बळावर आजी शेवटपर्यंत तांदूळ निवडीत असे, भाजी मोडीत असे आणि पाहुण्यांना चहासुद्धा करून देत असे. झुरिकच्या बाईंची घड्याळाची तबकडी आणि माझ्या आजीचे ताट यांत मला काही अंतर दिसेना.

आमच्या शेजारच्या टेबलावरील एक गृहस्थ याच सुमारास मोठ्याने म्हणाले की, असे आयुष्य काढण्यापेक्षा मेलेले बरे. बाई तेथून जात होत्या. त्या न रागावता म्हणाल्या, “आपण येथे तासाभरापूर्वी आलात. मी जन्मापासून येथे आहे. पहिल्या तासावरून या घराचे मत बनवू नका.”

त्यांचे म्हणणे किती खरे होते, याला पुढे मला संशोधनाचाही आधार मिळाला. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही डोळस लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना साधी साधी कामे करायला लावली होती. हा अभ्यास करणाऱ्यांत एक संशोधक स्वतः अंध होत्या. पट्टी सोडल्यावर त्या लोकांच्या मनात अंधांविषयी कळवळा वाढला; पण त्याचबरोबर अंध माणसे स्वतंत्रपणे राहू शकतात, नोकरी करू शकतात, हा त्यांचा विश्वास मात्र कमी झाला. पोहणे न येणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलले तर त्याला बुडणे म्हणजे काय ते कळेल, पोहणे म्हणजे काय ते कळणार नाही. तसेच हे आहे. डोळे मिटून घटकाभर धडपडणे म्हणजे अंधत्व नव्हे. अंध माणसाजवळ वर्षानुवर्षांचा सराव असतो, कानांनी अंतर मोजण्याची कला असते, बोटांनी वाचण्याची विद्या असते. म्हणून अशा ठिकाणी जाणाऱ्याने आपली धडपड थोडीशी आठवावी, आणि वाढणाऱ्याचे कौशल्य मात्र पुरते ध्यानात ठेवावे. त्या भोजनगृहाने अंधांना दया दिली नव्हती, काम दिले होते. आणि ते काम असे होते की, त्यात त्यांच्याशी बरोबरी करणे डोळस माणसाला कठीण जावे.

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखून ठेवल्या असून त्यांतील एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. सार्वजनिक इमारती आणि वाहने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, असेही तो कायदा सांगतो. परंतु वर्गातील बाक कोणी कसा ठेवावा, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते काम तुमचे-माझे आहे.

ते अवघडही नाही. दार उघडे ठेवायचे तर पूर्ण उघडे ठेवावे, नाही तर पूर्ण लावावे. अर्धवट उघड्या दाराची कड अंध माणसाच्या कपाळावर बसते. उठताना खुर्ची टेबलाखाली सरकवावी. दप्तर वाटेत टाकू नये. पदपथ चालण्यासाठी मोकळा ठेवावा, तेथे सायकल उभी करू नये. अंध व्यक्तीला भेटल्यावर “ओळखा पाहू मी कोण?” असे कोडे न घालता आधी आपले नाव सांगावे, आणि निघताना “मी निघालो” असेही सांगावे, नाही तर ती व्यक्ती रिकाम्या जागेशी बोलत राहते. रस्ता ओलांडायला मदत हवी का, हे प्रथम विचारावे. हवी असेल तर तिचा हात धरून ओढू नये. आपले कोपर पुढे करावे आणि ते तिला धरू द्यावे, म्हणजे चालणारी ती राहते आणि सोबत करणारे आपण. खोलीतील एखादी वस्तू हलविली तर तसे सांगावे.

या गोष्टींना पैसा लागत नाही आणि मोठे शौर्यही लागत नाही. लागते ती दुसऱ्याच्या वाटेची आठवण. आंधळ्या कोशिंबिरीच्या खेळात ज्याच्यावर राज्य असते त्याला बाकीचे सारे मिळून चकवितात. खेळापुरते ते ठीक आहे. खेळाबाहेर ज्यांच्या डोळ्यांवरचा रुमाल कधीच सुटणार नाही, त्यांच्या वाटेतील खुर्ची जागच्या जागी ठेवणे एवढे तरी आपल्या हातून नित्य घडावे.